साताऱ्याच्या थंडीत इंजिन ऑइल: डब्यावरचे दोन आकडे आणि सकाळी न घेणारी गाडी

डिसेंबर-जानेवारीत सातारा-सांगलीच्या गॅरेजांत दोन सल्ले हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, थंडी पडलीय, पातळ ऑइल टाका. दुसरा म्हणतो, तुमची गाडी घाटात चालते, जाडच बरं. दोघांच्याही मनात गाडीचं भलंच असतं, पण दोघंही डब्यावरचा एकेकच आकडा बघत असतात. ग्रेडमध्ये आकडे दोन असतात आणि दोघांची कामं वेगळी. आपल्या थंडीचा संबंध ज्या आकड्याशी येतो, त्यात सहसा काहीच अडचण नसते. अडचण भलतीकडेच असते आणि ती कुठे असते हे कळलं, तर ऑइलवरचे बरेच पैसे आणि इंजिनाचं बरंच आयुष्य वाचतं.

डब्ल्यूच्या अलीकडे आणि पलीकडे

‘१५डब्ल्यू-४०’ हा आपल्याकडचा ओळखीचा डबा घेऊ. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्यातला १५ म्हणजे पंधरा अंश नव्हे आणि ४० म्हणजे चाळीस अंशांचं ऊनही नव्हे. एसएई या अमेरिकी अभियंता संस्थेच्या जे३०० नावाच्या मानकातले हे वर्ग आहेत आणि कोणतं ऑइल कोणत्या वर्गात बसतं, हे ठरावीक चाचण्यांवरून ठरतं.

डब्ल्यूच्या अलीकडचा आकडा थंड ऑइलच्या दोन चाचण्यांतून येतो. सेल्फ मारल्यावर क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरेल का, ही पहिली. चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाशी साठलेलं, ऑइल पंपाच्या जाळीकडे वाहत येऊन वर चढेल का, ही दुसरी. १५डब्ल्यू ऑइलची पहिली चाचणी उणे २० अंश सेल्सिअसला होते आणि तिथे त्याचा घट्टपणा ७,००० सेंटीपॉइजच्या वर जाऊन चालत नाही. दुसरी होते उणे २५ अंशांना, आणि तिची मर्यादा ६०,००० सेंटीपॉइज. १०डब्ल्यूसाठी याच चाचण्या उणे २५ आणि उणे ३० अंशांना घेतात, ५डब्ल्यूसाठी उणे ३० आणि उणे ३५ ला, ०डब्ल्यूसाठी उणे ३५ आणि उणे ४० ला. २०डब्ल्यू उणे १५ ला क्रँक फिरू देतं आणि उणे २० पर्यंत पंप होतं.

पंपाची चाचणी दर वेळी पाच अंश खाली ठेवलीय, त्याला कारण आहे. सेल्फनं इंजिन फिरलं, गाडी सुरू झाली आणि पंपाच्या तोंडाशी ऑइलच आलं नाही, तर बेअरिंगं कोरडी फिरतात. त्यापेक्षा गाडी सुरूच न झालेली परवडते. म्हणून ऑइल असं बनवतात की पंप हार मानण्याआधी सेल्फ हार मानेल.

पलीकडचा आकडा तापलेल्या ऑइलचा. १०० अंशांना ऑइल किती घट्ट राहतं ते सेंटीस्टोकमध्ये मोजतात. २० ग्रेड ६.९ ते ९.३ मध्ये बसतं, ३० ग्रेड ९.३ ते १२.५ मध्ये, ४० ग्रेड १२.५ ते १६.३ मध्ये आणि ५० ग्रेड १६.३ ते २१.९ मध्ये. याशिवाय १५० अंशांना, बेअरिंगमध्ये दाबून वेगानं घासलं जात असताना, ऑइलचा थर किती तग धरतो याची वेगळी चाचणी असते. तिथे २० ग्रेडला किमान २.६, ३० ला २.९ आणि ४० ला ३.५ किंवा ३.७ सेंटीपॉइज लागतात.

यावरून लक्षात येईल की ५डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० ही दोन्ही ऑइलं तापल्यावर एकाच पट्ट्यात येतात. ‘५डब्ल्यू म्हणजे नुसतं पाणी, खंबाटकीत टिकायचं नाही’ हे म्हणणं त्यामुळे खरं नाही. खंबाटकी घाट चढताना ऑइल नव्वद-शंभर अंशांच्या आसपास असतं, तिथे काम पलीकडच्या आकड्याचं. अलीकडचा आकडा तोवर आपलं काम करून बाजूला झालेला असतो.

आपली थंडी ऑइलला किती जाणवते

थंडीची लाट आली की सातारा आणि सांगली शहरात पारा दहाच्या आसपास उतरतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १,३७२ मीटरवर आहे. तिथे वेण्णा तलावाच्या काठी काही पहाटे दव गोठतं, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो आणि फोटो गावभर फिरतात. तो थर बघून ऑइलही गोठलं असेल असं वाटणं साहजिक आहे. पण निरभ्र रात्री गाडीचा टप, गवत, बोटींच्या फळ्या आपली उष्णता उघड्या आकाशाकडे फेकतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा काही अंश जास्त थंड होतात. हवा तीन-चार अंशांवर असतानाही दव गोठतं ते यामुळे. चेंबरमधल्या ऑइलवर मात्र इंजिन आणि बॉनेट असतं. ते फार तर हवेइतकं थंड होतं. वाऱ्यामुळे आपल्याला थंडी जास्त बोचते, तसं ऑइलचं होत नाही. वाऱ्यानं ते लवकर थंड होतं इतकंच.

म्हणजे महाबळेश्वरच्या अगदी वाईट पहाटेही ऑइल शून्याच्या वरच असतं. २०डब्ल्यूची क्रँक फिरवण्याची मर्यादा उणे १५ अंश. मध्ये पंधरा अंशांहून जास्त अंतर राहतं. सातारा, वाई, कराड, सांगली, मिरज, विटा, जत यांतलं कुठलंही गाव घ्या, तिथे २०डब्ल्यू-४० घातलेला जुना ट्रॅक्टरही ऑइल गोठलं म्हणून कधी बंद राहणार नाही.

मग कुठलंही ऑइल चालतं का? नाही. इंजिन सुरू होणं वेगळं आणि सुरू झाल्याझाल्या त्याला नीट वंगण मिळणं वेगळं. ऑइलचा घट्टपणा तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, खाली येता येता झपाट्यानं वाढतो. काकवीची किटली थंडीत कशी अडते ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. नेहमीचं १५डब्ल्यू-४० शंभर अंशांना साधारण १४-१५ सेंटीस्टोक असतं. तेच दहा अंशांना ६०० च्या घरात जातं, म्हणजे चाळीसपट. त्याच दहा अंशांना ५डब्ल्यू-३० साधारण २७० वर असतं आणि २०डब्ल्यू-५० हजारच्या आसपास. हे आकडे ब्रँडनुसार थोडे हलतात, पण प्रमाण हेच राहतं. कंपनीनं ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या गाडीत कुणी २०डब्ल्यू-५० ओतलं, तर साताऱ्याच्या सकाळी त्या पंपाला जवळजवळ चौपट घट्ट ऑइल ढकलावं लागतं.

जाड ऑइल नव्या गाडीत काय करतं

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच समजातून होतं.

ऑइल पंप दर फेऱ्याला ठरावीक ऑइल ढकलतो. ऑइल घट्ट असलं की पुढे अडतं आणि दाब वाढतो. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की पंपाजवळचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा ऑइल परत चेंबरमध्ये सोडतो. म्हणजे ज्या वेळी हेडला आणि टर्बोला ऑइलची सगळ्यात जास्त निकड असते, नेमकं त्याच वेळी पंपानं उचललेलं बरंचसं ऑइल वर न जाता खाली परततं. ऑइल प्रेशरचा काटा मात्र मस्त वर दिसतो आणि मालकाला समाधान वाटतं. दाब म्हणजे अडथळा. बेअरिंगला लागतो तो प्रवाह.

फिल्टरमध्येही असाच एक व्हॉल्व्ह असतो. घट्ट ऑइल कागदातून पटकन जात नाही, तेव्हा तो उघडतो आणि ऑइल गाळलं न जाताच पुढे जातं. थंड इंजिनात हा प्रकार थोडा वेळ होणं गृहीत धरलेलं असतं. जाड ऑइलनं तो वेळ लांबतो, आणि रोज सकाळी लांबतो.

अलीकडच्या पेट्रोल गाड्यांत व्हॉल्व्हचं टायमिंग ऑइलच्या दाबावर पुढे-मागे होतं. त्या यंत्रणेच्या वाटा बारीक असतात, आणि त्यांचा हिशेब २० किंवा ३० ग्रेड धरून केलेला असतो. त्यात ५० ग्रेड घातलं की कॅम वेळेवर हलत नाही, पिकअप मंदावतं, कधी चेक इंजिनचा दिवा लागतो. मग सेन्सर बदलले जातात, वायरिंग उसवलं जातं आणि दोष ऑइलमध्येच राहतो. गाडीचं ॲव्हरेजही थोडं पडतं, कारण इंजिनाची काही ताकद घट्ट ऑइल ढवळण्यातच जाते.

उलटही तितकंच खरं. १५डब्ल्यू-४० नेमलेल्या जुन्या डिझेलमध्ये, थंडी आहे म्हणून ०डब्ल्यू-२० टाकणं हा शुद्ध वेडेपणा. सकाळी सेल्फ हलका लागेल, पण दुपारी उसाच्या दोन ट्रॉल्या ओढताना बेअरिंगमधला थर निम्म्यावर आलेला असेल.

म्हणून आपल्या भागासाठी नियम साधा आहे: मॅन्युअलमध्ये जो ग्रेड दिलाय तोच, बारा महिने तोच. ऋतूनुसार ऑइल बदलण्याची पद्धत सिंगल ग्रेडच्या, म्हणजे एकच आकडा असलेल्या ऑइलच्या, काळातली. मॅन्युअलमध्ये तापमानाच्या पट्ट्यांसकट दोन-तीन ग्रेड दिले असतील, तर सकाळी लवकर आणि थोड्या थोड्या अंतरासाठी गाडी काढणाऱ्यानं त्यातला डब्ल्यूच्या अलीकडे लहान आकडा असलेला निवडावा. पलीकडच्या आकड्याशी खेळू नये. फार चाललेलं इंजिन ऑइल खात असेल, तर पलीकडे एकच पायरी वर जायला हरकत नसते: ५डब्ल्यू-३० ऐवजी ५डब्ल्यू-४०. अलीकडचा आकडा तिथेही तोच ठेवायचा. एकदम २०डब्ल्यू-५० वर उडी मारून धूर थोडा कमी दिसेल. रिंगा आणि व्हॉल्व्ह सील मात्र होते तसेच राहतील.

कुठल्या गाडीला काय

नव्या पेट्रोल कारना बहुधा ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० सांगितलेलं असतं, काहींना ०डब्ल्यू-१६ सुद्धा. ग्रेडइतकंच महत्त्व डब्यामागच्या दर्जाच्या अक्षरांना आहे. एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या वर्गात पेट्रोलसाठी ‘एस’नं सुरू होणारी जोडी असते (एसएन, एसपी) आणि डिझेलसाठी ‘सी’नं सुरू होणारी (सीएच-४, सीआय-४, सीके-४). बीएस-६ डिझेलमध्ये धुराची काजळी अडवणारा डीपीएफ असेल, तर कमी राख सोडणारं ऑइलच लागतं. डब्यावर एसीईए (युरोपीय वाहन उत्पादकांची संघटना) सी२, सी३ असं काही छापलेलं असतं, त्यातलं मॅन्युअल सांगेल ते घ्यायचं. काजळी जळून जाते, ऑइलची राख जळत नाही. ती डीपीएफमध्ये साठत जाते आणि त्याची दुरुस्ती ऑइलच्या कित्येक डब्यांपेक्षा महाग पडते.

मोटरसायकलचं गणित निराळं. तिथे इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. कारच्या पातळ ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि त्यानं ओला क्लच घसरतो: ॲक्सिलरेटर दिला की आवाज वाढतो, गाडी तितकी पळत नाही. म्हणून बाइकच्या डब्यावर जासो या जपानी मानकाचं एमए किंवा एमए२ हवं. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिला १०डब्ल्यू-३० जासो एमबी. स्प्लेंडरलाही १०डब्ल्यू-३०च, पण एमए दर्जाचं; ग्रेड एक असला तरी डबे वेगळे. बुलेट क्लासिकला १५डब्ल्यू-५०. सकाळी क्लच दाबूनही पहिला गिअर टाकताना बाइक झटका देते, प्लेटा चिकटल्यासारख्या वाटतात, तो थंड ऑइलचाच परिणाम. किकवाली गाडी असेल तर क्लच दाबून चार-पाच किक रिकाम्या मारल्या की प्लेटा सुटतात.

ट्रॅक्टरकडे वळलं की आपल्या भागात दोन टोकं दिसतात. कारखाने सुरू झाले की उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात, इंजिन थंड व्हायला सवडच मिळत नाही. त्यांना डब्ल्यूच्या अलीकडे काय आहे यानं फारसा फरक पडत नाही. पलीकडचा ४० आणि वेळेवर बदल महत्त्वाचा. तासगाव-कवठे महांकाळच्या द्राक्षबागांत नेमकं उलटं. पहाटे दवात, हवा सगळ्यात थंड असताना ट्रॅक्टर सुरू होतो, ब्लोअर जोडलेला असतो आणि लगेच पीटीओला (ब्लोअर फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला) मिनिटाला ५४० चे फेरे द्यायला इंजिन चढवलं जातं. दोन तासांत फवारणी संपते, ट्रॅक्टर बंद. कंपनीनं १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० दोन्ही चालेल म्हटलं असेल, तर अशा ट्रॅक्टरला १५डब्ल्यू-४० घालण्यात अर्थ आहे. त्याहून अर्थ आहे तो औषध कालवेपर्यंत इंजिन तीन-चार मिनिटं सावकाश चालू ठेवण्यात.

गाडी सकाळी घेत नाही, दोष कुणाचा

ऑइलवर खापर फोडण्याआधी सेल्फ कसा फिरतोय ते नीट ऐका.

सेल्फ नेहमीच्या वेगानं फिरतोय आणि गाडी घेत नाही, तर ऑइल आणि बॅटरी दोन्ही सुटले. पेट्रोल गाडी असेल तर प्लग आणि पेट्रोल पुरवठा बघायचा, डिझेल असेल तर हिटर प्लग. डिझेलला चावी अर्धी फिरवून स्प्रिंगच्या आकाराचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं असतं. उन्हाळ्यात न थांबताही गाडी घेते, म्हणून ती सवय मोडते आणि जानेवारीत महागात पडते. चारांतला एखादा हिटर गेला असेल तर गाडी सुरू होते पण पहिला मिनिटभर थरथरते आणि पांढरा धूर सोडते.

सेल्फवर नुसताच ‘टक्’ आवाज येतो आणि पुढे काही नाही, तर आधी बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी काढा. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून धुवा, कोरडं करा, घट्ट आवळा, वरून पातळ पेट्रोलियम जेली लावा. धुताना आधी वजा टर्मिनल सोडायचं, बसवताना ते शेवटी.

सेल्फ जड, रडतरखडत फिरतो, हा तिसरा प्रकार. इथे बॅटरी आणि ऑइल दोघांवरही संशय घ्यायला जागा आहे. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि ऑइल घट्ट होतं, म्हणजे जास्त जोर हवा असतो तेव्हाच तो कमी मिळतो. मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी थकली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसायला हवं. कमी असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा. मल्टिमीटर नसेल तर दुसऱ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवरून जंपर केबल लावून बघा. त्यावर सेल्फ भरभर फिरला, तर ऑइल निर्दोष आहे. चांगली बॅटरी लावून आणि टर्मिनल साफ करूनही सेल्फ जडच असेल, तेव्हा कुठे ऑइलचा ग्रेड विचारायचा. आणि मग शेवटच्या सर्व्हिसिंगचं बिल काढून बघा, त्यावर काय लिहिलंय ते. अनेक ठिकाणी बॅरलमधलं एकच ऑइल सगळ्या गाड्यांत जातं. बिलावर नुसतं ‘इंजिन ऑइल’ असेल तर आत काय आहे ते तुम्हाला कळणारच नाही. पुढच्या वेळी सीलबंद डबा आपल्यासमोर फोडायला सांगा आणि रिकामा डबा फाडून टाका.

सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंद हेडमधून ‘टकटक’ येऊन थांबत असेल, तर फिल्टर संशयित. चांगल्या फिल्टरमध्ये एक रबरी पडदा असतो, तो रात्री ऑइल परत खाली गळू देत नाही. स्वस्तातल्या फिल्टरमध्ये तो कडक होतो आणि रोज सकाळी वाटा रिकाम्या सापडतात. आवाज थांबतच नसेल किंवा ऑइलचा लाल दिवा पाच सेकंदांत विझत नसेल, तर इंजिन लगेच बंद करा. ‘गरम झाल्यावर जाईल’ म्हणून चालवायचं नाही.

घाट आणि थंड इंजिन

जुनी सवय अशी की गाडी सुरू करून दहा-पंधरा मिनिटं जागेवर गुरगुरत ठेवायची. इंजेक्शनच्या गाडीला त्याची गरज नाही, उलट तोटा आहे. रिकामं चालणारं इंजिन सावकाश तापतं, तोवर मिश्रणात इंधन जास्त असतं आणि न जळलेलं थोडं इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. अर्धा ते एक मिनिट पुरे. मग निघायचं, पण हळू.

तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइलही तापलं, असं धरू नका. काटा कूलंटचं तापमान दाखवतो. ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. थंडीत पूर्ण तापायला आठ-दहा किलोमीटर सहज लागतात. तोवर इंजिन पेट्रोलचं असेल तर मिनिटाला अडीच हजार, डिझेलचं असेल तर दोन हजार फेऱ्यांच्या आत ठेवावं आणि टर्बो असेल तर जोर मागू नये.

आपल्याकडे हे पाळणं अवघड, कारण घाट दाराशीच आहेत. साताऱ्यातून कासकडे निघालं की लगेच यवतेश्वरचा चढ. पहाटे कासला निघालेली गाडी दोन-तीन किलोमीटरांत थंड ऑइलवर पूर्ण जोरानं चढत असते. अशा वेळी शहरातून दोन किलोमीटर जास्तीचा वळसा घ्या, चढाला खालच्या गिअरमध्ये अर्ध्या ॲक्सिलरेटरवर जा. चौथ्या गिअरमध्ये इंजिन धडधडत ओढणं खालच्या गिअरच्या जादा फेऱ्यांपेक्षा वाईट, कारण कमी फेऱ्यांवर जास्त भार आला की बेअरिंगमधला थर पिळून निघतो.

पाचगणीहून सकाळी वाईकडे उतरताना याच्या उलट घडतं आणि ते सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. गाडी काढली की थोड्याच वेळात पसरणीचा उतार. ब्रेक तापू नयेत म्हणून दुसरा गिअर टाकतो, ते बरोबरच आहे. पण त्या दुसऱ्या गिअरमध्ये थंड इंजिन साडेतीन हजारांवर फिरत राहतं, आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असल्यामुळे ते तापतही नाही. घाट लागण्याआधी सपाट रस्त्यावर पाच-सात मिनिटं गाडी खेळवून मग उतरावं, आणि उतारावर फेरे अडीच हजारांच्या पलीकडे जाऊ लागले की ब्रेक थोडा थोडा मारून वेग तोडावा.

झाकणाखालची पांढरी साय

घर, शाळा, बाजार, घर अशी दोन-दोन किलोमीटर फिरणारी गाडी थंडीत ऑइलला सगळ्यात जास्त त्रास देते. इंधन जळताना पाण्याची वाफ होते, तिचा काही भाग चेंबरमध्ये येतो. ऑइल तापलं तर ती उडून जाते. न तापलं तर पाणी ऑइलमध्ये घुसळलं जातं आणि ऑइल टाकायच्या झाकणाला आतून पिवळट-पांढरी साय धरते. ती दिसली की लोक हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरतात. आधी ऑइल मोजायची पट्टी काढून बघा. पट्टीवरचं ऑइल नेहमीसारखं असेल आणि कूलंट कमी होत नसेल, तर गाडी एकदा साताऱ्याहून कराडपर्यंत नेऊन आणा. साय बहुधा नाहीशी होते. पट्टीवरही दुधाळ ऑइल असेल तर मात्र गाडी चालवू नका.

पट्टीवरची पातळी वाढलेली दिसली तर तेही वाईट लक्षण आहे. डीपीएफ असलेल्या डिझेलमध्ये काजळी जाळण्याची क्रिया छोट्या फेऱ्यांमुळे अर्धवट राहते आणि त्यासाठी सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. अशा गाडीला वर्षाची किंवा दहा हजार किलोमीटरची वाट बघू नये, निम्म्यावर ऑइल बदलावं.

घरी बदलणार असाल तर आधी इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून कोमट करा; थंडीत थंड ऑइल अर्धं आतच चिकटून राहतं. गाडी सपाटीवर हवी, आणि जॅकवर चढवली असेल तर खाली स्टँड हवेतच. चेंबरच्या नटाचा वायसर नवा टाकायचा. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावा, टेकेपर्यंत फिरवा आणि मग हातानंच आणखी पाऊण फेरा. पान्यानं आवळू नका. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा पाव लिटर कमी भरा, अर्धा मिनिट इंजिन चालवा, पाच मिनिटं थांबा, पट्टी बघा आणि उरलेलं थोडं थोडं टाका. वरच्या खुणेच्या पुढे नेऊ नका, कारण पातळी क्रँकला लागली की ऑइलचा फेस होतो आणि फेस बेअरिंगमध्ये थर धरत नाही. काढलेलं काळं ऑइल ज्या गॅरेजमधून ते पुनर्प्रक्रियेला जातं तिथे द्या. वाळवीसाठी बागेच्या डांबांना फासू नका. त्यातले धातू आणि काजळी तुमच्याच मातीत उतरतात.

लेह-स्पीतीला निघाला असाल तर

इथे मात्र अलीकडचा आकडा खरोखर कामाला येतो. जानेवारीत लेहला किंवा स्पीतीतल्या काझाला रात्री पारा उणे १५, उणे २० च्या घरात जातो. २०डब्ल्यूची मर्यादा तिथे संपते, १५डब्ल्यूची संपत येते. मर्यादेवरचं ऑइलही सेल्फला जीव काढायला लावतं, त्यामुळे हातात दहा अंश शिल्लक राहतील असं ऑइल घ्यावं: ५डब्ल्यू, आणि पलीकडचा आकडा आपल्या गाडीचाच. १५डब्ल्यू-४० वाल्या गाडीला ५डब्ल्यू-४०, दर्जाची अक्षरं मॅन्युअलमधलीच. ऑइल सातारा-सांगलीतच बदलून निघा, म्हणजे गळती वगैरे असेल तर वाटेत पुण्यापर्यंतच कळेल.

पण डिझेल गाडीला तिथे ऑइलच्या आधी डिझेलच अडवतं. भारतीय मानकाप्रमाणे हिवाळ्यातल्या साध्या डिझेलचा वाहण्याचा बिंदू जास्तीत जास्त ३ अंश असू शकतो, उन्हाळ्यातल्याचा १५ अंश. त्या बिंदूच्या थोडं आधीच मेण सुटू लागतं आणि फिल्टर बुजतो. लडाखसाठी इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं ते याच कारणानं. तेव्हा वर जाताना टाकी खालच्या डिझेलनं पूर्ण भरून नेऊ नका. अर्ध्यावर आली की तिथल्या पंपावर हिवाळी डिझेल मागून घ्या. कूलंटमध्ये निम्मं अँटिफ्रीझ आहे ना तेही निघण्यापूर्वी बघा. आपल्याकडे वरचेवर नळाचं पाणी ओतून ते पातळ झालेलं असतं, आणि गोठलेलं पाणी रेडिएटरच काय, इंजिनाचा ब्लॉकही फोडतं.

परत आल्यावर ते ५डब्ल्यू-४० काढून पुन्हा १५डब्ल्यू-४० भरण्याची काही गरज नाही. ठरलेल्या किलोमीटरपर्यंत ते इथल्या उन्हातही चालतं.